पहिलं गिऱ्हाईक वर्गातच भेटू दे

बारावी व्होकेशनलच्या वर्गात उद्योजकतेचा पाठ सुरू झाला की मी पूर्वी एक प्रश्न हमखास विचारायचे, "शिक्षण झाल्यावर स्वतःचा व्यवसाय कोण करणार?" मुलांचे हात पटापट वर जायचे. त्यातल्या निम्म्यांना कसला व्यवसाय ते सांगता यायचं नाही, तरी हात वर असायचा. मुली एकमेकींकडे बघायच्या, मग वहीत बघायच्या. एखादीचा हात अर्धवट वर यायचा आणि शेजारणीने कोपर मारलं की खाली जायचा. मुलींना उद्योजकतेत रस नाही, असा शेरा मी बरीच वर्षं मनातल्या मनात मारत आले.

एकदा तास संपल्यावर, हात वर न केलेली एक मुलगी उशिरा आल्याबद्दल सांगायला थांबली. रात्री उशिरापर्यंत जागी होती. गल्लीतल्या काकूंकडे लग्न होतं, त्यांचे दोन ब्लाउज सकाळी द्यायचे होते. पैसे किती घेतलेस, असं विचारलं तर म्हणाली, "ते आईला माहीत. आई घेते." महिन्याला किती शिवतेस? "सणावारी दहा-बारा होतात, मॅडम." ही मुलगी व्यवसाय करतच होती. तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं, आणि माझा प्रश्न तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. व्होकेशनल, आयटीआय किंवा नववी-दहावीला ब्यूटी अँड वेलनेस, रिटेल, मल्टिस्किल यांसारखे विषय घेतलेल्या मुलींना शिकवणाऱ्या शिक्षकांशी आणि अशा मुलींच्या आई-वडिलांशी मला थोडं सविस्तर बोलायचं आहे. जुन्या एमसीव्हीसी या व्यावसायिक अभ्यासक्रमापासून फाउंडेशन कोर्समध्ये उद्योजकता आहे, आयटीआयच्या एम्प्लॉयबिलिटी स्किल्समध्येही आहे. पुस्तकात धडा आहे, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, मुली 'उद्योजकाचे गुण' पाठ करून चांगले मार्क आणतात. तरीही पुढे काय करणार म्हटलं की "नोकरी मिळाली तर बरं" असंच उत्तर येतं. हे उत्तर चुकीचं नाही. ते कुठून येतं, हे मात्र आपण शोधायला हवं.

आधी तिचं 'नको' नीट ऐका

वर्षाच्या सुरुवातीला वर्गात एक साधी गोष्ट करा. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव लिहायचं नाही. तीनच प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात घराबाहेरच्या कुणासाठी काही काम केलंस का? शिवण, मेंदी, केक, लहान मुलांची शिकवणी, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, काहीही चालेल. त्याचे पैसे आले का? आले असतील तर कुणाच्या हातात आले? पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या मुली तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघतील. दुसऱ्या प्रश्नाला 'कधीकधी', 'ओळखीचे होते म्हणून नाही घेतले' अशी उत्तरं येतील. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं शांतपणे, घाई न करता वाचा. उद्योजकतेबद्दल मुलींना काय वाटतं याचं मूळ बहुतेक वेळा तिथे सापडतं. कष्ट तिचे, पण दर दुसऱ्याने ठरवला, पैसे दुसऱ्याने घेतले, हिशेब कुणीच मांडला नाही. अशा अनुभवातून आलेल्या मुलीला धंदा म्हणजे न संपणारं जास्तीचं घरकाम वाटतं. मग ती त्याला नको म्हणते, हे मला अगदी समजण्यासारखं वाटतं.

बाकी कारणंही बोलतं केल्यावर कळतात. कुणाला हिशेबाची धास्ती असते. कुणाला पैसे मागायची लाज वाटते. कुणी घरातला बुडालेला धंदा पाहिलेला असतो. वडिलांचं दुकान बंद पडल्यावर आईचे दागिने गेलेले असतात, आणि त्या मुलीला महिन्याच्या एक तारखेचा पगार हवा असतो. तिच्यासमोर 'धाडस करा'चं भाषण देऊ नका. तिने जोखीम जवळून पाहिली आहे, आपण कदाचित पाहिलेली नसेल. आणि बऱ्याच जणींच्या मनात एक वाक्य असतं, "लग्नानंतर कुठे जाईन ते मला कुठे माहीत?" त्याबद्दल पुढे बोलते.

फळ्यावर एक ब्लाउज

हिशेबाची धास्ती घालवायची असेल तर 'नफा-तोटा' या शब्दांनी सुरुवात करू नका. तिच्या हातातली वस्तू फळ्यावर घ्या. मी अस्तरचा ब्लाउज घेते. आकडे गावागणिक बदलतील, तुमच्या मुलींनाच विचारून भरा. शिलाई ३०० रुपये धरू. अस्तर ६०, हूक-धागा-कॅनव्हास १५, वीज, सुई, तेल, इस्त्री मिळून १०. उरले २१५. इथे मुली खूश होतात.

मग विचारा, मशीन कुणाचं? "आईचं." म्हणजे फुकट का? १२,००० रुपयांचं मशीन पाच वर्षं नीट चाललं असं धरलं तर महिन्याला २०० रुपयांची झीज झाली. महिन्याला दहा ब्लाउज होत असतील तर एका ब्लाउजमागे २० रुपये मशीनचे. उरले १९५. आता वेळ. माप घेणं, कापणं, शिवणं, हाताने काज-हूक करणं, इस्त्री, सगळं मिळून तीन तास. शिवाय "बाही जरा घट्ट होतेय गं" म्हणून परत आलेल्या ब्लाउजचा अर्धा तास धराच, कारण तो येतोच. साडेतीन तासांना १९५, म्हणजे तासाला साधारण ५६ रुपये.

शेवटचा भाग मी मुलींनाच करू देते. ओळखीच्या काकूंनी ३०० ऐवजी २०० दिले तर? खर्च तेवढाच, वेळ तेवढाच. हातात ९५, म्हणजे तासाला २७ रुपये. वर्ग शांत होतो. शंभर रुपयांची सवलत दिली म्हणजे मजुरी निम्म्याहून खाली आली, हे कुणाला पुस्तकातून इतकं लखलखीत दिसत नाही. मग प्रश्न सुरू होतात. फॉल-पिकोचं कसं पडतं? घागऱ्याचं? एकीने विचारलं होतं, "मॅडम, मग ब्लाउजपेक्षा परकर शिवलेले परवडतात का?" तिने घरी जाऊन काढलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आली. हिशेब येत नाही म्हणणारी तीच होती.

असाच फळा प्रत्येक अभ्यासक्रमाला करता येतो. फूड प्रॉडक्ट्सच्या मुलींनी लोणच्याची बरणी घ्यावी. बरणी, झाकण, लेबल आणि खराब निघालेला माल यांचे पैसे धरायला त्या विसरतात. कॉम्प्युटरच्या मुलींनी एका फॉर्मचा प्रिंटसकट हिशेब मांडावा. इलेक्ट्रिकलच्या मुलींकडे तर बाजाराचा असा एक कोपरा आहे जो मुलांना मिळणं अवघड. दुपारी घरात एकट्या असलेल्या बाईला मिक्सर किंवा पंखा बघायला मुलगी आली तर दार उघडताना विचार करावा लागत नाही. हे त्यांना स्पष्ट सांगा. मुलगी असणं ही त्यांना सतत अडचण म्हणूनच ऐकायची सवय असते.

एक पथ्य पाळा. दर पत्रकात मजुरी वेगळ्या ओळीत लिहायला लावा. सामान, झीज, मजुरी. ती ओळ रिकामी ठेवलेली वही तपासून सही करू नका.

पैसे मागायचा सराव

हा भाग पुस्तकात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. किती झाले, असं विचारलं की मुलगी आईकडे बघते. आई नसेल तर "द्या काय द्यायचं ते" म्हणते. हे वाक्य वर्गात बंद करा. दोघी-दोघींच्या जोड्या करून सराव घ्या. एक गिऱ्हाईक, एक दुकानदार. गिऱ्हाईक झालेली म्हणेल, "आपलीच माणसं ना आपण, पन्नास कमी कर." दुकानदार झालेलीने हसून, आवाज न चढवता दर सांगायचा आणि वर सांगायचं की नवीन हूक लावून देईन, पण पैसे एवढेच. पहिल्या दिवशी सगळ्या हसत सुटतात. चौथ्या-पाचव्या सरावाला आवाज स्थिर होतो. दराचं कार्ड छापून भिंतीवर लावलं की आणखी सोपं जातं, कारण मग कमी करा म्हणणाऱ्याला मुलीऐवजी भिंतीशी बोलावं लागतं. अस्तराचे पैसे आगाऊ घ्यायची सवय लावा. उधारीची वेगळी वही ठेवा आणि त्यात तारीख घाला.

सराव झाला की खरं गिऱ्हाईक आणा. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलामुलींनी गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू आणि सेवा करून द्यायच्या, त्याचा खर्च काढायचा, आणि हे करताना शिकायचं, ही तिथली पद्धत. मुलगा-मुलगी न बघता वेल्डिंग, शेती, स्वयंपाक, बांधकाम सगळ्यांनी करायचं. राज्यातल्या अनेक शाळांमधल्या मल्टिस्किल विषयामागे हाच विचार आहे. तुमच्या शाळेला एवढं सगळं जमणार नाही, तरी शिक्षकांचे कपडे अल्टर करून देणं, शाळेतले पंखे साफ करून दुरुस्त करणं, गॅदरिंगचा नाश्ता पुरवणं ही कामं बाहेर न देता मुलींना द्या, आणि बाहेरच्याला दिले असते तेवढेच पैसे द्या. शाळेचं काम म्हणून फुकट करून घेऊ नका. तसं केलंत तर घरी शिकलेलाच धडा आपण पुन्हा गिरवून घेतो.

ऑन जॉब ट्रेनिंगला मुलींना पाठवाल तेव्हाही जरा खोलात जा. माझ्या पाहण्यात अनेक ठिकाणी मुलींना रिसेप्शनवर बसवतात किंवा फक्त साफसफाई देतात. पार्लर असो, लॅब असो की बुटिक, मालकाशी आधी बोलून घ्या: आठवड्यातून एक दिवस तरी हिला माल कुठून येतो, कितीला येतो, रोजचा गल्ला कसा लिहितात ते दाखवाल का? बहुतेक मालक तयार होतात. कुणी विचारलेलंच नसतं.

किती हात वर आले, हे मोजू नका

शिक्षक म्हणून आपल्याला निकाल दिसायला हवा असतो. वर्षाअखेर किती मुली व्यवसाय करू म्हणतात, यावरून आपण स्वतःला तपासतो. याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नेदरलँड्समधल्या एका व्यावसायिक महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी वर्षभर छोटी कंपनी चालवण्याचा कार्यक्रम होता. त्यावरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रमानंतर व्यवसाय करण्याची इच्छा वाढायच्या ऐवजी घटलेली आढळली. संशोधकांना वाटलं की मुलांना धंद्याचं खरं रूप कळलं असावं. मला हा निकाल वाईट वाटत नाही. बारावीत तीन महिने स्टॉल चालवून "हे माझ्यासाठी नाही" असं ओळखणारी मुलगी पुढच्या आयुष्यातलं एक कर्ज वाचवते. अमेरिकेतल्या २००७ च्या एका अभ्यासात 'मला हे जमेल' हा विश्वास मुलींमध्ये शाळकरी वयातच मुलांपेक्षा कमी दिसला होता, आणि पुढे एमबीएच्या पातळीवर उद्योजकतेच्या शिक्षणाने तो विश्वास वाढण्याचा परिणाम स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक दिसला. म्हणून आपण मोजायचं ते हे: दर सांगता आला का, हिशेब मांडता आला का, नाही म्हणता आलं का. नोकरी करायची म्हटली तरी हे तिन्ही लागतंच.

आई-वडिलांनी काय करायचं

तिच्या नावाचं बचत खातं काढा. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना स्वतः चालवता येईल असं खातं बँका देऊ शकतात, मर्यादा बँकेगणिक वेगळी असते. तिने शिवलेल्या, केलेल्या कामाचे पैसे त्या खात्यात जाऊ द्या. घराला गरज असेल तर तिच्याकडून घ्या, पण मागून घ्या आणि वहीत लिहा. घरच्या अडचणीला मुली मागे हटत नाहीत. त्यांना सलतं ते न विचारता घेतलेलं.

होलसेल बाजारात वडील किंवा भाऊ जात असतील तर चार-पाच वेळा तिला बरोबर न्या, आणि भाव तिला करू द्या. धाग्याचा बॉक्स कितीला पडतो हे ज्या मुलीला माहीत नाही, तिला रिटेल दुकानाच्या दरातच आयुष्यभर माल घ्यावा लागतो. आणि संध्याकाळचे दोन तास तिचे असू द्या. भाकऱ्या, भांडी, धाकट्याचा अभ्यास उरकून रात्री दहाला मशीनवर बसणाऱ्या मुलीचा व्यवसायाबद्दल उत्साह टिकावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

आता लग्नाचं. "कुठे जाईन ते माहीत नाही" हा मुलींचा विचार व्यवहारी आहे. गिऱ्हाईक गल्लीत असतं आणि गल्ली सुटते. म्हणून बरोबर नेता येईल असं आधी जमवायला शिकवा. कौशल्य तर बरोबर जातंच. तिच्या नावावरचं खातं, तिच्या नावाची मशीनची पावती, केलेल्या कामाचे फोटो, स्वतःचा फोन नंबर, पुढे कर्ज घेतलं तर वेळेवर फेडल्याची बँकेतली नोंद, हे सगळं नव्या गावी उपयोगी पडतं. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीतला पत्ताही बदलता येतो. मशीन आईच्या नावावर, नंबर भावाचा, पैसे वडिलांच्या खात्यात असं असेल तर ती सासरी रिकाम्या हातानेच जाते, शिकलेली असूनही. स्थळ बघताना पगार विचारतात तसं "हिचं काम चालू राहील ना, मशीनला जागा आहे ना" हेही विचारा. ते आई-वडिलांनीच विचारायचं असतं.

कागदपत्रांची घाई करू नका. १८ पूर्ण होईपर्यंत मुलीचा कोणताही करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे कर्ज तिच्या नावावर मिळत नाही. तोवर हिशेबाची वही हेच मोठं भांडवल. १८ नंतर उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. घरी किंवा छोट्या दुकानात दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो त्यासाठी, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाण्याचे पदार्थ विकायचे असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी टाळू नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, स्त्रियांना स्वतःचा वाटा ५ टक्के, आणि अनुदान शहरात २५ तर ग्रामीण भागात ३५ टक्के, अशी रचना आहे. ती नव्या उद्योगालाच लागू होते, आधीपासून चालू असलेल्याला नाही. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा, आणि मुलीला बरोबर न्या. काउंटरवर प्रश्न तिला विचारू द्या. अनुदान आहे म्हणून मोठं कर्ज काढू नका. फळ्यावरच्या ब्लाउजसारखा महिन्याचा हप्ता मांडून बघा, तो मंदीच्या महिन्यातही निघतो का ते बघा, मगच सही.

एकटीने करायचं नसेल तर

लिज्जत पापडची गोष्ट आपण मुलींना नेहमी सांगतो, पण कोट्यवधींच्या उलाढालीकडून सुरू करतो. ती उलट्या टोकाकडून सांगा. १५ मार्च १९५९, गिरगावातली एक इमारत, ८० रुपये, तेही उसने, आणि सात बायका. सात जणी होत्या हे मुलींना सांगताना मी थांबते. वर्गातल्या बऱ्याच मुलींना व्यवसाय नको नसतो. एकटं पडणं नको असतं. दुकानात एकटीने बसणं, उशिरा एकटीने माल आणणं, नुकसान झालं तर एकटीने बोलणी खाणं. चौघी-पाच जणींचा गट केला, एक माप घेणारी, एक कापणारी, एक हिशेब लिहिणारी, तर याच मुली वेगळ्याच वाटू लागतात. हिशेब लिहिणारी दर महिन्याला बदला, नाहीतर एकीलाच सगळं कळतं आणि बाकीच्या पुन्हा मजूर होतात. भांडणं होतील. पैशाची वाटणी कामाच्या तासांवर की सारखी, यावरून पहिलं होईल. ते मिटवू नका, त्यांनाच मिटवू द्या. फक्त जे ठरेल ते वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

सुरुवातीला दिवाळीआधीचे तीन आठवडे चांगले. आकाशकंदील, उटणं, पणत्या, शिवणकाम, चकल्या, ज्या वर्गाला जे येतं ते. माल शाळेच्या फाटकापाशी विका, पालकसभेच्या दिवशी विका. संपल्यावर नफ्यातून पार्टी करायची टूम निघेल. थोडी करा. उरलेले पैसे मात्र पाकिटात घालून प्रत्येकीला द्या, वर तिचं नाव, आत पैशांबरोबर तिच्या तासांचा आणि वाट्याचा कागद.

ते पाकीट घरी आलं की आई-वडिलांनी, "दे इकडे, ठेवते" म्हणण्याआधी तिला विचारावं, याचं काय करायचं ठरवलंयस? मागे एकीच्या आईने असं विचारलं तेव्हा मुलीकडे उत्तर तयार होतं. गावातल्या एका टेलरकडे इंटरलॉकचं जुनं मशीन विकायला निघालेलं तिने पाहून ठेवलं होतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला तिने पेन्सिलने लिहिलं होतं, आणखी किती रुपये कमी आहेत, आणि तेवढ्यासाठी किती ब्लाउज लागतील.